दोनशे एकवीस ठिपके

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला भोवरा आठवतो. आकार खरोखर तसाच आहे: वर भरदार, खाली निमुळता होत गेलेला आणि टोकाशी टाचणीइतका बारीक. पण भोवऱ्याचे सारे भाग्य फिरण्यात असते आणि माझे थांबण्यात. मी एक जुना पितळी ओळंबा आहे. भिंत बांधताना गवंडी दोरीच्या टोकाला जे वजन अडकवून खाली सोडतो आणि एक डोळा मिटून भिंत सरळ आहे की कलली आहे ते पारखतो, तेच मी. इतक्या साध्या वस्तूने आपले चरित्र सांगायला बसावे याचा मला थोडा संकोच वाटतो. परंतु या वर्षीच्या पोंगलच्या सुमारास जे घडले, ते मनात ठेवणेही आता जड झाले आहे. आणि जडपणातले मला थोडेफार कळते.

माझा जन्म कुंभकोणमच्या एका ओतशाळेतला. ज्या मुशीतले पितळ माझ्या साच्यात ओतले, त्याच मुशीतून त्या दिवशी सात समया झाल्या. त्या देवळांत गेल्या, तेलात न्हाल्या, उजळल्या. मी मात्र रामस्वामी मेस्त्री नावाच्या गवंड्याच्या गोणपाटाच्या पिशवीत, थापीच्या शेजारी जाऊन पडलो. आरंभी मला त्या समयांचा फार हेवा वाटे.

रामस्वामी मेस्त्री चेन्नईला आले तेव्हा तिला मद्रास म्हणत. अण्णा नगरचे रुंद रस्ते आखून झाले होते, कडेची झाडे गुडघ्याएवढी होती आणि घरे अजून यायची होती. तिथे सरकारी नोकरांच्या एका सहकारी गृहसंस्थेची पाच मजली इमारत उभी राहू लागली. कामावर देखरेख करायला कृष्णस्वामी राव नावाचे तरुण ओव्हरसियर होते. त्यांचे घराणे तंजावरचे. तीन शतकांपूर्वी तिकडे जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांपैकी ते एक. घरात जुनी मराठी, दारात तमिळ आणि कागदावर इंग्रजी, अशी त्यांची वाटणी होती; घरच्या मराठीतही बाईला 'मा' आणि पुरुषाला 'पा' अशी तमिळ हाक मिसळे.

त्या इमारतीची पूर्वेची भिंत पन्नास फूट उंच, आणि तिला एकही खिडकी नाही. दर काही थरांनंतर मला तिच्यावरून सोडले जाई. एकदा तिसऱ्या मजल्याशी दोरी आणि भिंत यांच्यात सुताएवढे अंतर जास्त निघाले. कृष्णस्वामी म्हणाले, "मेस्त्री, एवढे गिलाव्यात झाकून जाईल." रामस्वामींनी चार थर उतरवले आणि ओल्या विटा बाजूला रचून ठेवल्या.

"सार, माणूस खोटे बोलतो, गिलावाही खोटे बोलतो," ते मग म्हणाले; 'सर'ला ते 'सार' म्हणत. "याला तेवढी अक्कल नाही. म्हणून मी याचे ऐकतो."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती पहिली स्तुती. ती ऐकल्यापासून मला समयांचा हेवा वाटेनासा झाला.

कृष्णस्वामी तो प्रसंग विसरले नाहीत. पुढे त्याच इमारतीत त्यांनीही चौथ्या मजल्यावर घर घेतले. रामस्वामींचे गुडघे थकले आणि ते गावी परतायला निघाले, तेव्हा त्यांनी मला कृष्णस्वामींच्या हातावर ठेवले. त्यानंतर काही वर्षे ते मला कामावर नेत राहिले. मग लाल उजेडाची रेघ मारणारी यंत्रे आली. त्या यंत्रांवर माझा राग नाही. ती चपळ आहेत, आणि त्यांना दोरीचा गुंता सोडवावा लागत नाही. मी कृष्णस्वामींच्या टेबलावर आलो आणि गृहसंस्थेच्या परिपत्रकांवर बसू लागलो. निवृत्तीनंतर ते संस्थेचे सेक्रेटरी झाले होते. 'भिंतीवर लिहू नये', 'जिन्यात चपला ठेवू नयेत', 'गच्चीवर वाळवण घालण्यापूर्वी कळवावे', अशा कागदांना वाऱ्यावर उडू न देणे हे माझे काम. तेही मी इमानाने केले. फक्त कधी कधी दुपारी पंख्याचा वारा अंगावरून गेला, की दोरी नसलेल्या मानेला उगाच ताण बसल्यासारखा भासे.

यंदा पोंगलच्या आधीच्या भोगीला कनकाकाकूंनी घर आवरायला घेतले. कनकाकाकू म्हणजे कृष्णस्वामींच्या पत्नी. भोगीला जुने बाहेर काढायचे, ही इकडची रीत. फुटका कुकर, दोन बंद घड्याळे, पितळी झारा आणि मी, अशा आम्हा सर्वांची एका खोक्यात रवानगी झाली आणि खोके भंगारवाल्याची वाट पाहत बाल्कनीत गेले. मी तक्रार केली नाही. ओळंबा तक्रार करत नाही. पण बाल्कनी कोपऱ्यावरची होती, तिच्या जाळीतून अंगण आणि तिरकी का होईना पूर्वेची भिंत दिसत होती, आणि त्यामुळेच पुढचे सारे मला पाहता आले.

त्या महिन्यात शहरात भिंतचित्रांचा उत्सव होता. लिस्बन, नैरोबी, मेलबर्न, मेक्सिको सिटी आणि चेन्नई अशा पाच शहरांतल्या पाच भिंती एकाच आठवड्यात रंगवायच्या, आणि रविवारी संध्याकाळी बंदराजवळच्या एका जुन्या गोदामातल्या प्रदर्शनात त्या पाचही भिंती पाच मोठ्या पडद्यांवर एकत्र दाखवायच्या, असे ठरले होते. चेन्नईची भिंत म्हणून आमची पूर्वेची भिंत निवडली गेली. ती रंगवणार होती यामिनी. सांगलीची मुलगी. वडील आवडी नावाच्या इथल्या उपनगरातल्या संरक्षण कारखान्यात नोकरीला, म्हणून दहा वर्षांपासून इकडची झालेली. इतकी मोठी भिंत तिच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होती.

चित्र होते सहानाचे. सहाना आमच्या मागच्याच गल्लीत राहते आणि श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात मोबाइलचे सुटे भाग जोडते. तिच्या कंपनीची बस याच भिंतीखाली थांबते. यामिनीने तिला तिथेच पाहिले होते: निळा कोट, केसांवर जाळीची टोपी, आणि चिमट्यात धरलेला तांदळाएवढा एक भाग डोळ्यांसमोर उजेडात धरलेला. आपले काम कसे चालते ते सहाना कोणाला तरी करून दाखवत होती. तेच चित्र पाच मजले उंच होणार होते.

दुसऱ्या मजल्यावरचे शेषाद्री या बेताविरुद्ध होते. "भिंत एवढी मोठी आहे तर देव काढा," ते म्हणाले होते. "फॅक्टरीत जाणारी पोरगी रोज खाली दिसतेच की."

"मामा, देव तुम्हाला रोज वर दिसतोच की," सहाना म्हणाली होती. "भिंतीवर मीच बरी."

कृष्णस्वामींनी परवानगीच्या कागदावर सही केली आणि दुसऱ्याच दिवशी पती-पत्नी एका लग्नासाठी तंजावरला गेले. नेमक्या त्या सोमवारी उत्सवाची लिफ्ट आली. लांब लोखंडी हाताच्या टोकाशी पिंजरा असलेली गाडी, आणि पिंजऱ्यात माणूस उभा राहतो. यामिनी दिवसभर त्या पिंजऱ्यातून भिंतीवर वाटेल ते गिरगटत होती. वेटोळी, फुल्या, आकडे, एक मांजर, एक उलटी छत्री. खालच्या भागात इमारतीतल्या लोकांनीही हात साफ करून घेतला. मला पाहताना कसेसेच झाले. पण संध्याकाळी तिने अंगणात उभे राहून भिंतीचा फोटो काढला आणि जमलेल्यांना समजावून सांगितले. पिंजऱ्यात भिंतीच्या अगदी जवळ उभे राहिल्यावर चेहरा दिसत नाही, नुसता पांढरा विस्तार दिसतो. म्हणून ही गिरगट. फोटोवर ती संगणकात सहानाचा चेहरा बसवणार. मग डाव्या डोळ्याचा कोपरा मांजराच्या शेपटीशी आला, की भिंतीवरही शेपूट शोधायची आणि तिथे डोळा काढायचा. म्हणजे ती गिरगट भिंतीवरचा नकाशा होती.

लिफ्ट मग दुसऱ्या कामावर गेली. ती गुरुवारी परत येणार होती, आणि फक्त चार दिवसांसाठी.

मंगळवारी कृष्णस्वामी तंजावरहून परतले. त्यांना कोणी काही सांगितले नाही. सेक्रेटरींना ठाऊक असेलच, असे प्रत्येकाला वाटले. त्यांनी भिंत पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. ज्या भिंतीचे चार थर सुताएवढ्या चुकीसाठी उतरवले होते, तिच्यावर कोणी मांजर काढून गेले होते, तेही चित्राला आरंभ होण्याच्या तोंडावर. त्यांनी ओळखीच्या रंगाऱ्यांना बोलावले. ते गच्चीवरून दोर सोडून फळीवर बसले आणि बुधवारी दुपारपर्यंत भिंत दुधासारखी पांढरी करून तांबरमच्या कामावर निघूनही गेले.

दुपारी यामिनी आली. हातात संगणक होता, आणि त्यात फोटोवर बसवलेले तयार चित्र.

"ये मा, ये," कृष्णस्वामी पुढे होऊन म्हणाले. "बघ, तुजसाठीं भिंत कशी करून ठेवली. कोण येऊन काय काय खरडून गेलते. एक रेघ राहूं दिली नाहीं."

यामिनी भिंतीकडे बघत राहिली. मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली.

"काका," ती म्हणाली, "ते मीच खरडलं होतं."

तिने सांगितले आणि त्यांनी ऐकले. तिची सांगलीची मराठी आणि त्यांची तंजावरची मराठी यांच्यात तीनशे वर्षांचे अंतर होते, पण त्या दुपारी त्यांना एकेक शब्द कळला. पुन्हा गिरगटायचे तर लिफ्टचा एक दिवस जाणार, फोटोवर पुन्हा चित्र बसवण्यात दुसरा. उरलेल्या दोन दिवसांत पन्नास फुटांचा चेहरा होत नाही. तिने उत्सवाच्या कार्यालयाला फोन लावला. तिकडून शांतपणे उत्तर आले: रविवार संध्याकाळपर्यंत भिंत झाली नाही तर पाचव्या पडद्यावर गेल्या वर्षीचे एखादे चित्र दाखवू.

"मी म्हणालो होतो ना, देव काढा," शेषाद्री वरून म्हणाले. "देवाला कोणी चुना फासला नसता."

सहाना त्या आठवड्यात दुपारच्या पाळीत होती आणि बसची वाट पाहत तिथेच उभी होती. बसमधल्या चाळीस जणींना तिने आधीच सांगून ठेवले होते.

कृष्णस्वामी म्हणाले, "विचारायला हवें होतें मी." एवढेच. पंचाहत्तरी उलटलेला तो माणूस आपल्याच अंगणात परक्यासारखा उभा होता. मित्रांनो, भिंत कललेली असेल तर मी सांगू शकतो. माणूस आतून कलतो तेव्हा मला ते दिसते, पण सांगता येत नाही.

बोलल्या त्या कनकाकाकू. त्या रोज सकाळी दारात कोलम घालतात, म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. आधी ठिपके, मग त्यांच्यामधून वळत जाणारी रेघ.

"तें गिरगटणें कशाच्या कामाचें होतें, मा?" त्यांनी विचारले. "नाक कोठें, डोळा कोठें, इतकेंच ना सांगायचें? मग ठिपके घाल. ठिपके सरळ असले तर रेघ चुकत नाहीं."

"काकू, तसंही चालतं," यामिनी म्हणाली. "जुन्या लोकांची तीच पद्धत. चित्रावर चौकटी आखायला मला एक संध्याकाळ पुरेल. पण भिंतीवर इतक्या उंच ठिपके घालायला हात कुठून आणू? लिफ्ट उद्या दहाला येणार. आणि एक रांग जरी कलली तरी तोंड वाकडं होणार."

"माझं?" सहानाने विचारले.

"तुझंच."

"मग मामी सांगतात ते नीट ऐका."

कृष्णस्वामी गच्चीच्या कठड्याकडे पाहत होते. अचानक ते वळले आणि जिना चढून घरात आले. टेबलावर पाहिले, खणात पाहिले.

"कनका, तो पितळी ओळंबा कोठें?"

कनकाकाकूंनी पदर सारखा केला. "खोक्यांत," त्या म्हणाल्या.

"कसल्या खोक्यांत?"

"भंगाराच्या. आतां बोलूं नका. तुम्ही भिंत पुसली, मी हा टाकला. दोघांचें एकच."

त्यांनी मला फुटक्या कुकरखालून बाहेर काढले आणि धोतराच्या सोग्याने पुसले. दोरी अडकवायची जागा त्यांनी अंगठ्याने चाचपली. माझ्या आत काहीतरी हलले, पण पितळात ते दिसत नाही.

त्या संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या घरात एक कारखानाच चालला. यामिनीने आपल्या चित्रावर उभ्या-आडव्या रेघांच्या चौकटी आखल्या. कृष्णस्वामींनी साठ फूट सुतळी मोजली आणि दर तीन फुटांवर गाठ मारली. कनकाकाकूंनी प्रत्येक गाठीवर कापसाची वात गुंडाळली, समईसाठी वळतात तशीच, आणि तिच्यात कपड्यांची कोरडी नीळ भरली. गवंडी सुतळीला रंगाची पूड चोळतात, ती ताणून धरतात आणि टिचकी मारतात, तेव्हा भिंतीवर सरळ रेघ उमटते. इथे रेघेऐवजी ठिपके उमटणार होते. एका रांगेत सतरा, आणि भिंतीच्या रुंदीत तेरा रांगा. वर कठड्याची पातळी पन्नास वर्षांपूर्वी रामस्वामींनी पाहिली होती. ती बदलली नव्हती, म्हणून आडव्या ओळींची चिंता नव्हती. सुतळी रेघेत येणे तेवढे माझ्यावर सोपवले होते.

गुरुवारी पहाटे सगळे जमले. वारा पडलेला होता. कृष्णस्वामी पायरी पायरी थांबत गच्चीवर चढले, यामिनी त्यांच्यासोबत. खाली कनकाकाकू पाटावर बसल्या. सहानाने शेवग्याच्या शेंगा काढायची लांब आकडी आणली होती, सुतळी मध्यातून ओढून सोडायला.

मला कठड्यावरून सोडले.

मित्रांनो, इतक्या उंचीवरून मी कधीच लटकलो नव्हतो. बांधकामात मला एका वेळी एका मजल्याएवढे सोडत. आता पाच मजले माझ्या डोक्यावर होते. सुतळी लांब असली की झोकाही लांब असतो. मी डावीकडे गेलो, उजवीकडे आलो, पुन्हा गेलो. भिंत डोळ्यांसमोरून सरकत राहिली. अनेक वर्षांच्या बैठ्या कामाने मला थांबण्याची कला विसरायला लावली असेल, ही भीती मला वाटली. पण थांबण्यासाठी काही करावे लागत नाही. करणे सोडावे लागते. झोके लहान झाले, मग आणखी लहान. मग एक क्षण असा आला की मी, सुतळी आणि पृथ्वी यांच्यात काही मतभेद उरला नाही.

"उभा राहिला," कनकाकाकू खालून म्हणाल्या आणि त्यांनी सुतळी अंगठ्याने भिंतीशी दाबली. वरून कृष्णस्वामींनी दाबली. सहानाने आकडीने सुतळी मागे ओढली आणि सोडली. फट्‌ असा आवाज झाला. पांढऱ्या भिंतीवर सतरा निळे ठिपके उमटले.

यामिनीने कठड्यावरची पुढची खूण शोधली.

आठ रांगा झाल्या तोवर सूर्य झाडांच्या वर आला आणि नवव्या रांगेला वारा सुटला. मी थांबत आलो की एक झुळूक येई आणि पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी भिंतीवर आपटलोही. पंधरा मिनिटे गेली. मग वीस. शेषाद्री आता खाली आले होते आणि हातातले घड्याळ पाहत होते.

"अहो, मला दोन माणसांच्या कॉफीची सोय करता येईल," ते म्हणाले. "वाऱ्याची नाही करता येणार."

कृष्णस्वामींनी वरून हाक मारली. "कनका, बादली. पाणी भरून ठेव, बादली. ओळंबा पाण्यांत सोड."

"पाण्यात?" शेषाद्रींनी विचारले.

"रामस्वामी करायचे," वरून उत्तर आले. "तुम्ही धरा, पा. कांठाला लागूं देऊं नका."

आणि मग शेषाद्री, ज्यांना या भिंतीवर देव हवा होता, ते गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी बादली धरून माझ्याखाली सरकवत राहिले. मी पाण्यात उतरलो. गार, जड, मवाळ पाणी. वारा वर सुतळीशी झटत होता, पण मला हलायला पाणी वाट देईना. चार-पाच हेलकाव्यांत मी थांबलो. पाण्याचा पृष्ठभागही थांबला, आणि त्यात मला पहिल्यांदाच माझे रूप दिसले. भोवऱ्यासारखा अजिबात नाही मी, असे तेव्हा मला वाटले. समईच्या ज्योतीसारखा आहे, उलटी धरलेली.

नववी, दहावी, अकरावी, बारावी, तेरावी. दोनशे एकवीस ठिपके. सव्वानऊ वाजले होते.

शेषाद्री उठले तेव्हा त्यांचे धोतर भिजलेले होते. "एकही वाकडा नाही," ते भिंतीकडे पाहत म्हणाले, आणि हे बोलून गेल्याचे त्यांना थोडे वाईट वाटलेले दिसले.

दहाला लिफ्ट आली. यामिनी चार दिवस पिंजऱ्यात होती. सकाळचा इडलीचा डबाही दोरीने वर जाई. सहाना पाळीला जाण्यापूर्वी रोज येऊन आपला किती भाग झाला ते पाही. शुक्रवारी तिची हनुवटी झाली, शनिवारी नाक.

"शेषाद्री मामा, माझी हनुवटी तुमच्या मजल्यावर आली," ती म्हणाली. "सांभाळून राहा. मी हसले तर तुमचा देव्हारा हलेल."

"मग हसू नकोस," ते म्हणाले. "आणि वर आखून ठेवलेली डावी भुवई जरा जाड आहे, तिला सांग." भुवई खरोखरच जाड होती. यामिनीने ती बारीक केली.

रविवारी साडेतीन वाजता लिफ्टचा पिंजरा शेवटचा खाली आला. चित्र पुरे झाले होते. पाच मजले उंच सहाना चिमट्यातल्या त्या तांदळाएवढ्या वस्तूकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत इतके लक्ष होते की खालून जाणारा प्रत्येक जण, त्या चिमट्यात काय आहे ते पाहायला मान वर करी. तिचा चेहरा सरळ होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत, सुताचाही फरक नाही.

संध्याकाळी कृष्णस्वामींनी मला खिशात घालून गोदामात नेले. पाच पडदे उजळले. लिस्बनच्या भिंतीवर मासेमारीचे जाळे विणणारा कोळी होता, नैरोबीच्या भिंतीवर पुस्तके वाहणारी सायकल. मेलबर्नला एक पक्षी, मेक्सिकोला मक्याचे शेत. आणि पाचव्या पडद्यावर आमची सहाना, निळ्या कोटात. माणसे तिच्यासमोर सर्वांत जास्त वेळ थांबली, असे मी म्हणणार नाही. मी खिशात होतो आणि मला मोजता येत नव्हते. पण कृष्णस्वामींची छाती माझ्या अगदी जवळ होती. तिचे ठोके मी मोजले. ते एखाद्या तरुण ओव्हरसियरचे होते.

उत्सवाच्या लोकांनी मला काचेच्या पेटीत मांडण्यासाठी मागितले. कृष्णस्वामींनी नम्रपणे नकार दिला. मी यामिनीला मिळणार, असे ते म्हणाले; सोमवारी दुपारी ती निरोप घ्यायला येणार होती, तोवर मी त्यांच्याच खिशात. तिची पुढची भिंत लिस्बनला आहे. सात मजल्यांची.

सोमवारी सहानाची सकाळची पाळी होती. पावणेसातला कंपनीची बस आली. ड्रायव्हरने वर पाहिले आणि इंजिन बंद केले. चाळीस मुली खाली उतरल्या. त्या सगळ्यांच्या अंगावर तोच निळा कोट होता, आणि त्या भिंतीवरच्या निळ्या कोटाकडे पाहत उभ्या राहिल्या. बोलकी सहाना सगळ्यांच्या मागे जाऊन लपली.

"एवढी मोठी होऊन त्या चिमट्यात काय बघतेस ग?" एकीने विचारले.

"बस वेळेवर येते का ते," सहाना म्हणाली, आणि चाळीस जणी हसल्या. त्या हसण्याने कबुतरे गच्चीवरून उडाली. ड्रायव्हरने एकीचा मोबाइल घेऊन सगळ्यांचा फोटो काढला. त्या दिवशी बस अकरा मिनिटे उशिरा सुटली, आणि खिडक्यांतून चाळीस माना वळणापर्यंत मागेच वळलेल्या होत्या.

बस गेल्यावर शेषाद्री अंगणात आले. भिंतीच्या उत्तरेच्या कडेला, चित्राबाहेरच्या पांढऱ्या पट्टीवर, ठिपक्यांची शेवटची रांग तशीच दिसत होती. सतरा निळे ठिपके, एकाखाली एक.

"सेक्रेटरी, ते राहून गेलेत," ते म्हणाले. "ओला कपडा फिरवला की जातील. मी माणूस बोलावू?"

कृष्णस्वामी हात मागे बांधून त्या रांगेकडे पाहत होते.

"नाहीं, पा," ते म्हणाले. "ते मुद्दाम ठेवलेत."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी विचारलें."

मित्रांनो, माझी कहाणी इथवरच आहे. मी आता यामिनीच्या पिशवीत आहे, आणि या पिशवीत मला कागदांवर बसावे लागत नाही. जाण्यापूर्वी मुक्या वस्तूंच्या वतीने तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमच्या गावातल्या एखाद्या भिंतीवर न समजणाऱ्या रेघा दिसल्या, तर हातात फडके घेण्याआधी त्या कोणाच्या आहेत ते विचारा. घरातल्या अडगळीत एखादे जड, विचित्र आकाराचे अवजार सापडले, तर ते खोक्यात टाकण्याआधी ते काय करत असे ते कोणा वडीलधाऱ्याला विचारा. भिंतीला बोलता आले नाही म्हणून ती पुसली गेली. मलाही आले नाही, म्हणून मी फुटक्या कुकरखाली पडलो होतो. तुम्हाला बोलता येते. आमच्यासाठी एवढा एक प्रश्न विचारत जा.